हेडफोन ॲम्प घ्यायचाय? आधी कॉम्प्युटरचं दुखणं शोधा

हेडफोनमध्ये खरखर येते. आवाज पुरत नाही. बेस भोंगळ वाटतो. या तिन्ही तक्रारींवर दुकानदार आणि यूट्यूबवाले एकच औषध सांगतात: बाहेरचा ॲम्प घ्या. पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि नुसता ॲम्प त्यातल्या आवाज न पुरण्यावर खात्रीने चालतो. बाकी दोन्ही कधी फुकटात बरी होतात, कधी यूएसबीत लावायच्या, स्वतःचा डॅक आणि ॲम्प पोटात असलेल्या अंगठ्याएवढ्या डोंगलने. म्हणून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायला दादरला गाडी बदलण्याआधी घरीच तासभर तपासणी करा.

कॉम्प्युटरच्या आत काय असतं ते आधी बघू. बहुतेक मदरबोर्ड आणि लॅपटॉपवर रिअलटेकची कोडेक चिप असते. आकड्यांचा आवाज करणारा डॅक आणि हेडफोन ढकलणारा छोटा ॲम्प, दोन्ही तिच्याच पोटात. जुन्या, स्वस्त बोर्डांवरच्या एएलसी८८७ चा कागदावरचा सिग्नल-टू-नॉइज (आवाज आणि मागची सूं यांतल्या अंतराचा) आकडा ९७ डीबी, महागड्या बोर्डांवरच्या एएलसी१२२० चा १२०. ही चिप वाईट नाही, तिचा शेजार वाईट आहे. बाजूला प्रोसेसरचे व्होल्टेज रेग्युलेटर, ग्राफिक्स कार्ड, वायफाय, आणि सगळ्यांचा ग्राउंड, म्हणजे करंट परतायची वाट, एकच. त्यामुळे चिपच्या कागदावर छापलेला आकडा जॅकपर्यंत पोचतोच असं नाही.

तो ९७ चा आकडा किती वाईट, याचा हिशोब सोपा आहे. १ व्होल्टच्या ९७ डीबी खाली म्हणजे सुमारे १४ मायक्रोव्होल्ट. तुमचा इअरफोन १ व्होल्टला १२० डीबी देत असेल तर ही सूं कानात २३ डीबीची होईल. रात्री दोनला, पंखा बंद करून ऐकलीत तर पुसट जाणवेल. ठाण्याच्या गजबजलेल्या घोडबंदर रोडवर खिडकी उघडी, डोक्यावर पंखा फुल आणि कानावर पाठ उघडी असलेला, बाहेरचा आवाज आत येऊ देणारा ओपन-बॅक हेडफोन अशा थाटात ९७ आणि १२० मधला फरक कोणालाही कळणार नाही. अशा घरात पैसे आधी बंद पाठीच्या क्लोज्ड-बॅक हेडफोनवर किंवा कानात घट्ट बसणाऱ्या टिप्सवर घालावेत.

आवाज कुठला, ते आधी ओळखा

दहा मिनिटं पूर्ण शांततेची फाइल बनवा. ऑडॅसिटीत जनरेट मेन्यूमध्ये सायलेन्स आहे. ती चालू ठेवून ऐका. गाणं नुसतं पॉज करून ऐकू नका, कारण बरेच ड्रायव्हर काहीच वाजत नसलं की कोडेक झोपवतात आणि मग सगळं स्वच्छ असल्याचा भास होतो. गाणं सुरू होताना ‘टक्’ येतो तोही याच झोपेतून उठण्याचा. लिनक्सवर एचडीए ड्रायव्हरची पॉवर-सेव्ह सेटिंग शून्य केली की तो जातो.

आता ती शांतता ऐकत असताना व्हॉल्यूम वर-खाली करा. सूं तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यातली, म्हणजे आतल्या ॲम्पची. माउस फिरवल्यावर किंवा पान सरकवल्यावर कुर्रर्र होत असेल तर बोर्डावरची विजेची गडबड जॅकपर्यंत पोचते आहे. डेस्कटॉप असेल तर पुढचा जॅक सोडून मागच्या हिरव्यात लावून बघा. पुढच्या जॅकची वायर बहुतेक कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते आणि तिला शिल्ड असतेच असं नाही. माइक म्यूट केल्यावर आवाज थांबला तर दोष माइकचा: विंडोजमध्ये साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनलात रेकॉर्डिंग टॅबवर ‘लिसन’ची खूण चुकून लागलेली असते, किंवा माइक बूस्ट वर चढलेला. त्याच पॅनलात प्लेबॅकखाली एन्हान्समेंट्सही बंद करून टाका. ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ चालू असलं की गाण्यातल्या शांत जागा वर उचलल्या जातात आणि त्यांच्याबरोबर खरखरही. ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो तिथे हे चटकन पकडता येतं. मात्र पन्नासच्या दशकातलं आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण या परीक्षेला घेऊ नका, त्याची स्वतःची टेपची सूं कुठल्याही कोडेकपेक्षा मोठी.

शेवटी चार्जर काढा. चार्जर काढताच आवाज मेला तर दुखणं भिंतीतल्या सॉकेटकडे बोट दाखवतं.

आपल्याकडे हा भाग जरा पसरून लिहायला हवा. दोन पिनांच्या लॅपटॉप चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि ५-२० व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा वाय-कपॅसिटर असतो. अर्थिंग नसल्यामुळे लॅपटॉपची बॉडी त्या कपॅसिटरमधून मेन्सच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. करंट अगदी कमी, पण धातूच्या बॉडीवर मनगट घासलं की झिणझिण्या येतात त्या याच. तीन पिनांचा चार्जर असेल आणि सॉकेटमध्ये अर्थ खरोखर जोडलेला असेल तर ही तक्रार राहत नाही. नौपाडा, कोपरी, कळव्याच्या जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असलं तरी मागे अर्थची वायर असतेच असं धरून चालू नका. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो लावला की समजतं. मल्टीमीटरने बघणार असाल तर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. फेज-अर्थ मधेच कुठेतरी ८०-१०० दाखवत असेल तर अर्थ तुटलेला आहे. हे काम वायरमनचं. वीज कंपनी मीटरपर्यंत वीज देते, घरातलं अर्थिंग सोसायटीचं आणि तुमचं.

उलट अर्थ जास्त झाल्यानेही भुणभुण येते. डेस्कटॉप कॉम्प्युटर अर्थवर, टेबलावरचा ॲम्प दुसऱ्या सॉकेटमधल्या अर्थवर आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायर: झाला ग्राउंड लूप. मग ५० हर्ट्झची घूं आणि तिच्यावर बारीक शिट्टी. यूएसबीवर माहितीची पाकिटं सेकंदाला १,००० किंवा ८,००० वेळा धावतात, तीच ती शिट्टी. पहिला उपाय फुकट: कॉम्प्युटर आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. त्याने भागलं नाही तर डॅकला ऑप्टिकल केबलने जोडा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून उजेड जातो, करंट जात नाही, लूपच तुटतो. दोन्हीकडचा विजेचा संपर्क तोडणारा यूएसबी आयसोलेटरही मिळतो, पण एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिपवरचे स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटवर चालतात. त्यांच्यामागे डॅक जुन्या यूएसबी ऑडिओ क्लास १ मध्ये चालावा लागतो आणि २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. फक्त नंतरचा क्लास २ बोलणारा डॅक बहुधा दिसणारच नाही. अर्थची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घूं जाईल, पण ॲम्पची बॉडी एखाद्या दिवशी जिवंत होईल आणि हेडफोन तर डोक्यावरच असतात.

पंख्याचा टप्प्यांशिवाय सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा आणखी एक छुपा गुन्हेगार. आतला ट्रायॅक विजेची लाट मधेच कापतो आणि त्याची करकर त्याच लाइनवरच्या उघड्या, स्वस्त ॲम्पमध्ये घुसते. पंखा फुलवर नेला किंवा बंद केला की थांबते, एवढी खूण पुरे.

जॅकचा अडथळा

दुसरं दुखणं भोंगळ बेसचं; त्यामागे बऱ्याचदा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकचा स्वतःचा ओहममधला अडथळा असतो, आणि तिन्हीत हे सर्वांत दुर्लक्षित. काही मदरबोर्डांवर मागच्या हिरव्या जॅकच्या रस्त्यात ७५ ओहमचे रेझिस्टर बसवलेले असतात. स्पीकरला सिग्नल द्यायला ते ठीक, कारण स्पीकरचा इनपुट हजारो ओहमचा. ३२ ओहमचा हेडफोन लावला की १०७ पैकी ३२ एवढाच भाग हेडफोनला मिळतो, म्हणजे आवाज साडेदहा डीबीने खाली. तरी हे परवडलं, व्हॉल्यूम वाढवता येतो. खरी मेख अशी की हेडफोनचा इम्पीडन्स प्रत्येक सुराला सारखा नसतो. कानात घालायच्या, अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचा एका ठिकाणी १५ आणि दुसऱ्या ठिकाणी ५० ओहम असू शकतो. ७५ च्या मागे त्या दोन जागांत साडेसात डीबीचा फरक पडतो. तबल्याच्या चाटीचा आणि बायाचा तोलच बदलून जातो. लोक मग इअरफोनला नावं ठेवतात. सेन्हायझर एचडी ६५० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला, ज्याचा इम्पीडन्स बेसमध्ये ५०० च्या आसपास जातो, तोच जॅक जेमतेम पाऊण डीबी बेस वाढवून देतो. काहींना तो आवडतोही!

ढोबळ नियम असा की जॅकचा इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी असावा. ३२ ओहमला ४, १६ ओहमला २.

हे मोजणं अवघड नाही. स्क्रू-टर्मिनल असलेली ३.५ मिमीची पिन, ३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणि मल्टीमीटर एवढं लागतं. मल्टीमीटर मात्र बघून घ्या: पिवळ्या रंगाचा सर्वांत स्वस्त ८३० जातीचा एसीवर २०० आणि ७५० व्होल्ट अशा दोनच रेंज देतो, त्यावर हे दिसत नाही. २ व्होल्ट एसीची रेंज हवी. १०० हर्ट्झचा साइन टोन लावा, कारण साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे खोटं बोलू लागतात. टिप (पिनेचं टोक) आणि स्लीव्ह (बुंधा) यांच्यामध्ये आधी काहीही न जोडता व्होल्टेज घ्या, मग रेझिस्टर जोडून. पहिला आकडा भागिले दुसरा, त्यातून १ वजा, गुणिले ३३. पहिला १.०० आणि दुसरा ०.३१ आला तर उत्तर ७३ च्या वर, म्हणजे ७५ चे रेझिस्टर पकडले गेले. दुसरा ०.९७ आला तर सुमारे १ ओहम. तिथे या कारणासाठी काही विकत घ्यायची गरज नाही. टोन आधी हळू ठेवा आणि मोजताना हेडफोन कानावर नको.

व्होल्ट की करंट

तिसरं दुखणं आवाज न पुरण्याचं. इथे ॲम्पचा हक्क खरा. साधारण १ व्होल्ट देणारा लॅपटॉप धरा. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोची २५० ओहमची आवृत्ती मिलिवॅटला ९६ डीबी देते. गाण्यातले उंच क्षण ११० डीबीपर्यंत जाऊ द्यायचे तर २५ मिलिवॅट लागतात, म्हणजे २५० ओहमवर अडीच व्होल्ट. लॅपटॉप १ व्होल्टवर ४ मिलिवॅट, १०२ डीबी एवढंच देतो. आजकालची सिनेगीतं इतकी दाबून भरलेली असतात की १०२ डीबीलाही कान दुखतील. पण शास्त्रीय मैफलीचं किंवा नाटकाचं ध्वनिमुद्रण, ज्यात सरासरी पातळी खाली असते, ते या जोडीवर रोडावतं. तीन-चार व्होल्ट देणारा ॲम्प इथे पैसे वसूल करतो.

हायफायमनचा एचई४००एसई उलट्या जातीचा. २५ ओहम, मिलिवॅटला ९१ डीबी धरले तर ११० साठी ७९ मिलिवॅट. व्होल्टेज फक्त १.४ लागतं, पण करंट ५६ मिलिअँपिअर. ७५ ओहमच्या जॅकवर याला पाव व्होल्ट मिळतो आणि आवाज ९५ डीबीवर अडतो. तोच १ व्होल्ट एखाद-दोन ओहमच्या डोंगलमधून दिला तर १०६-१०७. म्हणजे ‘हा हेडफोन लॅपटॉपवर चालत नाही’ म्हणणाऱ्याला बऱ्याचदा ॲम्प नव्हे, फक्त अडथळा नसलेला जॅक हवा असतो. खोक्यावर नुसतं ‘ओहम’ वाचून ॲम्प ठरवणं चूक ते याचसाठी. संवेदनशीलता, म्हणजे किती विजेला किती डीबी, तीही वाचा, आणि ती मिलिवॅटला आहे की व्होल्टला तेही.

ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स, फिलिप्स एसएचपी९५०० किंवा हजार-दोन हजारातले इअरफोन असणाऱ्यांना बहुधा डोंगल पुरतो. ॲपलचा टाइप-सी डोंगल स्वच्छ आहे, त्याचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आसपास. पण अमेरिकी मॉडेल १ व्होल्ट देतं आणि युरोपी साधारण अर्धा, म्हणून मॉडेल नंबर बघून घ्या. कॉम्प्युटरवर तो नीट चालतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज दबका येतो, कारण फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण वर नेत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवरच ऐकणाऱ्यांनी हा मुद्दा सोडू नये. क्लास २ च्या डॅकला विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून वेगळा ड्रायव्हर लागत नाही, मॅक आणि लिनक्सवर त्याच्याही आधीपासून नाही.

एक चूक मात्र सारखी दिसते: फक्त ॲम्प, डॅक नसलेला, घेऊन लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला जोडायचा. जॅकमधून येणारी कुर्रर्र त्याच्या इनपुटला जशीच्या तशी पोचते आणि तो ती इमानदारीने मोठी करून देतो. खरखरीवर इलाज हवा असेल तर डॅकच कॉम्प्युटरबाहेर काढा. नुसताच ॲम्प आहे आणि तोच वापरायचा, तर कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम ९० ते १०० वर ठेवून ॲम्पच्या नॉबने आवाज कमी-जास्त करा, म्हणजे सिग्नल तरी खरखरीच्या वर राहतो. नॉब अगदी तळाशी असताना एका कानात आवाज जास्त येत असेल तर ॲम्प बिघडलेला नाही; नॉबमागच्या स्वस्त पॉटचे (फिरत्या रेझिस्टरचे) दोन कानांसाठीचे ट्रॅक तळाशी जुळत नाहीत. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) लो करा आणि नॉब घड्याळातल्या दहा-अकराच्या जागेपर्यंत चढवून वापरा.

हाताने डाग मारायची, म्हणजे सोल्डरिंगची हौस असेल तर सीमॉय नावाचा ॲम्पचा जुना नमुना अजून बनवण्यासारखा आहे. ओपीए२१३४ चिप, ९ व्होल्टची बॅटरी, मधला ग्राउंड तयार करायला ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड फिल्म आणि १०० किलोओहम, म्हणजे १६ हर्ट्झच्या खालचं कापलं जातं. मूळ आराखड्यात गेन ११ आहे, तो कॉम्प्युटरसाठी अति. १० किलोओहमबरोबर १ ऐवजी ४.७ किलोओहम लावा, गेन ३ होईल. एनई५५३२ घालून पैसे वाचवायला जाऊ नका, तिला कमीत कमी ±५ व्होल्ट हवेत आणि एक बॅटरी ±४.५ देते. एका बॅटरीवर २५० ओहमला दीड व्होल्टपलीकडे फार मिळत नाही, त्यासाठी दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट करावे लागतात. एचई४००एसई सारख्यांना हा नमुना नकोच, चिप ३५ मिलिअँपिअरला दमते. आणि बॅटरी सारखी संपते म्हणून त्याच लॅपटॉपच्या यूएसबीचे ५ व्होल्ट देण्याचा मोह टाळा: ऑडिओ वायरचा ग्राउंड म्हणजे यूएसबीचा मायनस, तो तुमच्या मधल्या ग्राउंडला जाऊन भिडतो, अर्धी सप्लाय शॉर्ट होते आणि हेडफोनमध्ये फाटका आवाज येतो. बनवून झाल्यावर हेडफोन लावण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, ५० च्या वर असेल तर डाग पुन्हा तपासा.

घेतलेलं उपकरण आणि जुना जॅक यांची तुलना करताना दोघांचा आवाज मीटरने सारखा करा. १ डीबी मोठा वाजणारा नेहमी ‘मोकळा’ आणि ‘खोल’ वाटतो, तो कोणीही असो. ३३ ओहमवर मोजून पाहा: एकीकडे ०.५०० व्होल्ट आणि दुसरीकडे ०.५१२ म्हणजे ०.२ डीबी, इतपत जवळ आले की पुरे. मग घरातल्या कोणाला तरी वायर बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांचे लॅपटॉप घेऊन घरून काम करणाऱ्यांसाठी एक अडचण. बहुतेक टेबलावरच्या ॲम्पना माइकचा इनपुट नसतो. चार पट्ट्यांच्या पिनेचा हेडसेट ॲम्पला लावला की ऐकू येतं पण मीटिंगमध्ये समोरच्याला तुमचा आवाज जात नाही. स्प्लिटरने माइकची पिन वेगळी करून लॅपटॉपला द्यावी लागते, आणि मग ग्राउंड लूपची घूं पुन्हा दारात. अशांना माइक सांभाळणारा डोंगल जास्त सोयीचा.

जूनपासून जॅक आणि पॉट दमट हवेने काळवंडतात. एका कानातला आवाज जातो, पिन फिरवली की येतो, नॉब फिरवताना चरचर होते. यावर नवीन ॲम्प लागत नाही. पिनेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कोरड्या कापडाने पुसा, जॅकमध्ये ती पाच-सात वेळा आत-बाहेर करा. पॉटसाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, ॲम्प बंद आणि प्लग काढलेला असताना, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा. मग चालू करण्याआधी अर्धा तास सुकू द्या; पावसाळी दिवस असेल तर तासभर.